आनंद जाणवत नसताना सुवार्ता कशी ऐकावी

हा प्रश्न फोंड्याहून एका भगिनीने पाठवला आहे. त्या मूळच्या नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या असून पतीच्या नोकरीमुळे गोव्यात स्थायिक झाल्या आहेत आणि स्वतः वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लेखा विभागात काम करतात. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या आहेत. लहानपणी रविवारच्या शाळेत शास्त्रवचने पाठ केली, सुवार्ता असंख्य वेळा ऐकली, परंतु तिच्यातला ‘मोठा आनंद’ आता आत कुठेच जाणवत नाही, असे त्या लिहितात. उपासनेतील आनंदाची गीते ओठांनी म्हटली जातात आणि घरी परतल्यावर अपराधी वाटते. कंपनीत जेवणाच्या वेळी कोणी सहज विचारले, तरी आपण ख्रिस्ती आहोत हे सांगताना जीभ अडखळते. आपला विश्वास खोटा आहे का, आणि आनंद व धैर्य या दोन गोष्टी मिळवायच्या कशा, असे त्यांनी विचारले आहे.

आदरणीय ताई,

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचे काही नीट वाचले जाणार नाही. आनंद जाणवत नाही एवढ्यावरून आपला विश्वास खोटा ठरत नाही. गोव्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांमध्ये बायबल अभ्यासवर्ग घेताना आणि समुपदेशन करताना मला हा प्रश्न वारंवार ऐकायला मिळाला आहे. तो विचारणारी माणसे बहुधा विश्वासाविषयी बेफिकीर नसतात, उलट फार मनापासून आणि फार काळ एकट्याने ओझे वाहणारी असतात. म्हणून आध्यात्मिक कारणांकडे वळण्यापूर्वी मी आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी थांबतो. रात्री सासूबाईंना कुशीवर वळवण्यासाठी दोन-तीनदा उठावे लागते आणि सकाळी सातला घर सोडावे लागते, असे आपण ओघात लिहून गेला आहात. माझ्या दृष्टीने ते वाक्य पत्राच्या मध्यभागी असायला हवे होते.

पहिल्या राजांच्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून अरण्यात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता मला मरण दे, अशी देवाकडे मागणी करतो. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर देवाचे सामर्थ्य पाहिलेला हा माणूस आहे. देव त्याला त्याची आठवण करून देत नाही, विश्वास कुठे गेला असेही विचारत नाही. एलिया झोपतो, देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र त्याच्या उशाशी असते. तो खाऊन पुन्हा झोपतो आणि हेच दुसऱ्यांदा घडते. होरेब डोंगरावरचे संभाषण त्यानंतर फार दिवसांनी येते. देवाने जो क्रम पाळला तो आपणही पाळावा. आठवड्यातील किमान दोन रात्री सासूबाईंची जबाबदारी पतीने किंवा अन्य कोणी घेतली पाहिजे. त्यासाठी आपल्या मंडळीच्या पाळकांना आणि महिला संघाला स्पष्टपणे विचारावे. प्रार्थनेसाठी विनंती करायला आपल्याला संकोच वाटत नाही, तर एका रात्रीच्या मदतीसाठीही वाटू नये.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्या कामांत पूर्वी गोडी होती ती सगळीच आता नकोशी वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल तर ते नैराश्याच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा दूरध्वनीवरून मोफत साहाय्य देते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात येत असेल तर एक दिवसही थांबू नये. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या विश्वासणाऱ्याला आपण अल्पविश्वासी म्हणत नाही, मग मनाच्या आजाराला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्या पत्रात ‘आनंद मिळवणे’ हे शब्द आले आहेत आणि माझ्या अनुभवात अडचण बहुतेकदा तेथूनच सुरू होते. आनंद हे आपण देवाला देण्याचे देणे आहे, आणि ते आपल्याकडे नसल्यामुळे आपण थकबाकीदार आहोत, अशी समजूत मनात घट्ट बसते. लूकच्या दुसऱ्या अध्यायातील मेंढपाळ पाहा. त्यांना कोणीही आनंदित व्हा, अशी आज्ञा केलेली नाही. “भिऊ नका, कारण पाहा, जो मोठा आनंद सर्व लोकांना होणार आहे त्याची सुवार्ता मी तुम्हांला सांगतो,” एवढेच ते ऐकतात, आणि ऐकतात तेव्हा ते भयभीत असतात. त्यांना एक घडलेली गोष्ट कळवली जाते: दाविदाच्या गावात आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. ते जाऊन पाहतात आणि पुन्हा आपल्या मेंढरांकडे परततात. कळप तोच, थंडी तीच, रोमी कैसराचा कर तोच. बदल एवढाच, की जगात काय घडले आहे हे आता त्यांना ठाऊक आहे.

पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते साधारण इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे येशूच्या मृत्यूला पंचवीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा. त्याच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभी, मी तुम्हांला सांगितलेली सुवार्ता ती हीच, असे म्हणून तो ती मोजक्या वाक्यांत मांडतो. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरले, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, तो केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी. ही वाक्ये आज रात्री सावकाश वाचावीत. त्यांत ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीचा कोठेही उल्लेख नाही. आपण रविवारी भरभरून गायलो तेव्हा ती खरी होती आणि आपले ओठ नुसते हलत होते तेव्हाही तितकीच खरी होती. माझ्या मनात काय चालले आहे यावर सुवार्तेचा सत्यपणा अवलंबून नाही, हे उमगणे हीच अनेकांच्या बाबतीत आनंदाची पहिली पायरी ठरलेली मी पाहिली आहे, कारण त्या क्षणी स्वतःची नाडी सतत तपासत राहण्याचे काम संपते.

लहानपणापासून विश्वासात वाढलेल्यांसाठी लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात, घर सोडून सर्व उधळून परतलेल्या धाकट्या मुलापेक्षा थोरला मुलगा अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडील प्रवचनांत तो शेवटच्या दोन मिनिटांत येतो आणि बहुधा गर्विष्ठ म्हणून बाजूला सारला जातो. त्याचे बोलणे नीट ऐकले पाहिजे. “पाहा, मी इतकी वर्षे तुमची सेवाचाकरी करत आहे,” असे तो म्हणतो, आणि मित्रांबरोबर आनंद करायला एखादे करडूही कधी मिळाले नाही, अशी तक्रार करतो. तो घर सोडून गेलेला नाही, त्याने काही उधळलेले नाही. शेतातून दमून आलेल्या त्या माणसाला घरातून संगीत ऐकू येते आणि त्याचे पाय उंबरठ्याबाहेर थबकतात. आत आनंद चालू आहे, तो आपल्यासाठी नाही, आपल्या वाट्याला फक्त राबणे आहे, असे त्याला वाटते. ताई, उपासनेत बसून इतरांचे गाणे ऐकताना आपल्याला जे वाटते, ते याच जातीचे नाही का?

या दृष्टांतात बाप दोनदा घराबाहेर येतो. धाकट्यासाठी तो धावत जातो, हे सर्वांना पाठ असते. थोरल्यासाठीही तो मेजवानी सोडून बाहेर येतो आणि त्याची समजूत घालू लागतो, हे मात्र सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. तो त्याला कृतघ्न म्हणत नाही, हसऱ्या चेहऱ्याने आत ये, असेही म्हणत नाही. “बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे,” असे तो म्हणतो. ज्या घरात थोरला चाकरासारखा राबत होता ते घर त्याचेच होते. त्याला करडू मिळाले नाही याचे कारण बापाचा कंजूषपणा हे नव्हते, मागायची सोय आहे हेच त्याला माहीत नव्हते. तो पुढे आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. मला नेहमी वाटते की ती जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. आपली सेवा, सासूबाईंची, घराची, मंडळीची, देवाला दिसत नाही असे नाही. पण त्या सेवेच्या मोबदल्यात प्रीती मिळते, असे आपण कधीतरी धरून चाललो असू, तर तो हिशोब बापाने कधीच मांडलेला नव्हता.

मराठी वाचकांना या संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण जवळचे वाटेल. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यापूर्वी दुष्काळाच्या काळात आईवडील, नंतर भाऊ आणि मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती, असे सगळे त्यांनी गमावले होते. विद्वत्ता अशी की कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. एवढे सगळे होऊनही, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या काळात त्या ढोंग करत होत्या काय? मुळीच नाही. त्या शोधत होत्या, वाचत होत्या, काम करत होत्या. आपण जशा आहोत तशा ख्रिस्ताकडे जायचे आहे, काही मिळवून मग जायचे नाही, हे त्यांना उमगले तेव्हा त्यांना तो आनंद लाभला. त्यानंतर त्यांचे आयुष्य सोपे झाले असेही नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा त्यांनी आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभे केले, आणि १९२१ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, एकुलती एक मुलगी मनोरमा हिचा मृत्यूही पाहिला. आनंद म्हणजे दुःखाचा अभाव असता, तर रमाबाईंच्या वाट्याला तो एक दिवसही आला नसता.

म्हणून उपासनेत ओठांनी गाण्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. मंडळीचे गाणे सर्वांचे मिळून असते. एका रविवारी शेजारची स्त्री आपल्यासाठी विश्वास धरून ठेवते, दुसऱ्या रविवारी आपण तिच्यासाठी. एखादे कडवे म्हणवतच नसेल तर शांत उभे राहावे. मात्र केवळ आनंदाचीच गीते पुरेशी नाहीत. स्तोत्रसंहितेतील जवळपास एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत आणि ती आपल्या उपासनेतून जवळजवळ हद्दपार झाली आहेत, याचे मला मनापासून दुःख आहे. तेरावे स्तोत्र घ्या, बेचाळिसावे घ्या. “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?” असे स्वतःलाच विचारणारा तो माणूस देवासमोर बसूनच विचारतो आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला तक्रार सांगता येते, हा सुवार्तेचाच भाग आहे. बाविसावे स्तोत्र वधस्तंभावर प्रत्यक्ष येशूच्या तोंडी आले.

आता रोजच्या आचरणाविषयी. आपल्याजवळ वेळ फार थोडा आहे, म्हणून मी एकच गोष्ट सुचवतो. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. ते मोठ्याने वाचावे, आणि सासूबाईंच्या खाटेजवळ बसून वाचावे. त्यांना बोलता येत नसले तरी ऐकू येते, असे आपण लिहिले आहे. एका दिवशी एकच प्रसंग पुरे: शिमोनाच्या सासूचा ताप, छप्पर उसवून खाली सोडलेला पक्षघाती, बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली स्त्री. उपदेश शोधू नये, त्या प्रसंगात येशू काय करतो आणि कोणाकडे पाहतो एवढेच पाहावे, आणि मग हाच माझ्याशी कसा वागेल, असे विचारावे. मराठीत ही कथा मोठ्याने म्हणण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये येथल्याच रायतूरला छापले गेले आणि ते ओवीत आहे, म्हणजे कानांनी ऐकण्यासाठी आहे. वार्ता ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे, आणि स्वतःच्याच आवाजात, आजारी माणसाच्या सोबतीने ऐकलेली वार्ता वेगळी लागते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे मागे वळून पाहावे. आज मन कोठे किंचित हलके झाले, कोठे आकसले, एवढेच देवाला सांगावे. लोयोलाचे संत इग्नाती यांनी सोळाव्या शतकात ही पद्धत घालून दिली आणि तिच्यासोबत एक नियम सांगितला, जो मी प्रत्येकाला सांगतो: मन कोरडे आणि उदास असताना, पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. मंडळीत जाणे थांबवावे काय, असा विचार आपल्या मनात डोकावतो आहे. तो निर्णय या काळात घेऊ नये.

आणि हे एकटीने करू नये. गोव्यात २४ जूनला सांजांवाच्या, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या दिवशी तरुण मंडळी डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरींत आणि ओढ्यांत उड्या घेतात, हे आपण फोंड्यात नसले तरी बारदेश-सासष्टीत पाहिले असेल. पुष्कळजण त्याचा संबंध लूकच्या पहिल्या अध्यायातील प्रसंगाशी जोडतात. मरीया अलीशिबेच्या घरी येऊन तिला अभिवादन करते तेव्हा अलीशिबेच्या उदरातील बाळ, म्हणजे हाच योहान, आनंदाने उडी मारते. तो आनंद कसा आला ते पाहा. एक स्त्री डोंगराळ भागातून चालत दुसऱ्या स्त्रीच्या घरी गेली आणि जवळपास तीन महिने राहिली. मरीयेला देवदूत दिसला होता, तरीही तिला अलीशिबेची गरज होती, आणि मरीयेचे प्रसिद्ध स्तुतिगीत अलीशिबेच्या दारात उमटले आहे. आपल्या मंडळीत एखादी वडीलधारी स्त्री अशी निवडा, जिच्यासमोर ‘मला काही जाणवत नाही’ असे म्हणता येईल आणि जी लगेच वचन सांगून गप्प करणार नाही. आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर चहा घ्या. माझ्या मते हे प्रार्थनासभेइतकेच आवश्यक आहे.

धैर्याविषयी आपण जे लिहिले आहे ते वाचताना मला पेत्र आठवला. त्याला तलवारीची भीती वाटली नव्हती, गेथशेमाने बागेत त्याने स्वतःच तलवार उपसली होती. तो कोसळला तो एका साध्या प्रश्नापुढे. थंडीत शेकोटीजवळ बसला असताना एका दासीने त्याच्याकडे निरखून पाहत, तूही त्या नासरेथकराबरोबर होतास, असे म्हटले आणि त्याने साफ नकार दिला. आपली जेवणाच्या टेबलावरची अडचण नेमकी हीच आहे, आणि ती प्रेषितांत अग्रगण्य असलेल्या माणसाची अडचण होती. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी कोळशांच्या निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारी देतो आणि मग पेत्राला विचारतो. तू का नाकारलेस, असे विचारत नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, असे तीनदा विचारतो, जितक्यांदा नाकारले तितक्यांदा, आणि प्रत्येक वेळी आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. त्यानंतर थोड्याच काळात प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात हाच पेत्र यरुशलेमेच्या धर्मसभेसमोर उभा राहून बोलतो. मधल्या काळात त्याने धैर्याचा सराव केला असे कोठेही लिहिलेले नाही. त्याला क्षमा मिळाली होती आणि त्याच्यावर विश्वास टाकला गेला होता. ज्याला आपल्या सर्वांत लाजिरवाण्या गोष्टीसह स्वीकारले गेले आहे, त्याला लोक काय म्हणतील याची धार कमी लागते. आनंद आणि धैर्य यांचे मूळ एकच आहे ते येथे. त्याच अध्यायात सुटून आलेल्या प्रेषितांसह मंडळी जी प्रार्थना करते तीही लक्षात घ्यावी. धमक्या थांबव, अशी मागणी तीत नाही, धमक्या असतानाही बोलण्याचे धैर्य दे, अशी आहे. म्हणजे भीती त्यांनाही होती.

आपल्या परंपरेत संतांचे स्मरण फारसे होत नाही, तरी गोव्यात राहताना जुझे वाझ यांच्याविषयी अवश्य वाचावे. २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीत जन्मलेले हे गोमंतकीय धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले, तेव्हा तेथील किनारपट्टीवर डच सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. ते मजुराच्या वेषात, जुवांव नावाच्या एका सहकाऱ्यासह उतरले आणि येताच आमांशाने मरणोन्मुख झाले. पुढे कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, घरचे लोकही रोग्यांना सोडून पळू लागले, तेव्हा हा माणूस रोग्यांची घाण काढत, त्यांना खाऊ घालत, मेलेल्यांना पुरत राहिला, आणि त्यात कोण कोणत्या धर्माचा हे त्याने पाहिले नाही. बौद्ध राजाने त्यानंतर त्यांना मोकळीक दिली. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित करण्यात आले. त्यांच्या हाती कोणतीही सत्ता नव्हती.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपण फोंड्यात राहता. मंगेशी आणि शांतादुर्गा ही आपल्या शेजाऱ्यांची दैवते मुळात कुठ्ठाळी आणि केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी ती नदीपलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेली, म्हणून ती आज प्रियोळ आणि कवळे येथे आहेत. १५६० मध्ये येथे इन्क्विझिशनचे, म्हणजे लोकांच्या धर्मश्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारे, न्यायालय आले आणि मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. ज्या वार्तेचा पहिला शब्द ‘भिऊ नका’ असा आहे, तिच्या नावाने या भूमीत लोकांना भीती घातली गेली. एखादा शेजारी आपल्या विश्वासाविषयी ऐकून गप्प होत असेल, तर त्या मौनात ही आठवण असू शकते, आणि तिचा मान राखणे हाही धैर्याचाच भाग आहे. आपल्या पूर्वजांचा त्यात हात नव्हता, असे म्हणून विषय झटकू नये. ते चुकीचे होते आणि ख्रिस्ताच्या मार्गाविरुद्ध होते, असे सरळ म्हणावे.

यामुळे आपल्या मनावरचा एक भार उतरावा. धैर्य म्हणजे जेवणाच्या टेबलावर प्रवचन देणे नव्हे, आणि सहकाऱ्यांचे मतपरिवर्तन करणे ही आपल्यावर टाकलेली कामगिरी नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायात, जो कोणी तुमच्या आशेविषयी विचारील त्याला उत्तर देण्यास तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या, असे म्हटले आहे. म्हणजे आधी कोणीतरी विचारलेले असावे, आणि उत्तर आपल्या आशेविषयी असावे, दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी नव्हे. चतुर्थीच्या सुट्टीनंतर कोणी नेवऱ्या पुढे केल्या आणि तुमच्याकडे हा सण असतो का, असे विचारले, तर ‘आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्याकडे नाताळ असतो, तेव्हा मी करंज्या आणीन’ एवढे पुरे आहे. सासूबाईंचे एवढे कसे करता, असे कोणी विचारले, तर ‘कित्येकदा थकून जाते, पण येशू आजाऱ्यांजवळ बसत असे, ते वाचते तेव्हा पुन्हा उठता येते’ असे सांगता येईल, आणि तेही त्या दिवशी ते खरे असेल तरच. खरे नसेल त्या दिवशी ‘आज मला प्रार्थनेची गरज आहे’ असे म्हणावे. माझ्या अनुभवात लोक या दुसऱ्या वाक्याने अधिक जवळ येतात.

पहिल्या वेळी आवाज कापेल. वाक्य छोटे ठेवावे, ते आधी घरी पतीसमोर एकदा म्हणून पाहावे, आणि कंपनीतील जिच्याशी आपले सर्वांत सख्य आहे तिलाच प्रथम सांगावे, सगळ्या टेबलाला नव्हे. दरम्यान पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकांना भेटून रात्रीच्या मदतीचे बोलून घ्यावे. कोणी तयार न झाल्यास मला कळवावे, फोंडा परिसरातील ज्या कुटुंबांशी माझा संपर्क आहे त्यांच्याकडे मी स्वतः शब्द टाकीन.